डॅलसजवळ बास फिशिंगसाठी पहिली छोटी बोट घ्यायचीय, जुनी घेऊ की घेऊच नको?

गरवणारा_रत्नांग्रीचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज विचारतोच. मी फ्रिस्कोत असतो, मूळचा रत्नागिरीचा, लहानपणी भाट्याच्या खाडीवर मामाबरोबर गरवायला जायचो, हातात नुसती दोरी, गरी आणि कोळंबीचा तुकडा. इथे आल्यावर आठ वर्षं काहीच केलं नाही, मग मुलासाठी म्हणून एक रॉड आणला आणि मुलगा राहिला बाजूला, मलाच वेड लागलं. दोन वर्षं काठावरूनच चाललंय, घराजवळची तळी, लुइसविल लेक, कधी रे रॉबर्ट्स. सगळ्यात मोठा लार्जमाउथ बास साडेतीन पाउंडाचा, तोपण तळ्यात.

आता झालंय असं की काठावरून जिथे गळ पोचत नाही तिथेच मासे उड्या मारतात आणि आपण बघत बसायचं. एक बोट बघून ठेवलीय, २००४ ची, १६ फुटी अ‍ॅल्युमिनियम, ४० एचपी टू स्ट्रोक, पुढे ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर हळू चालणारी छोटी मोटर), ट्रेलरसकट ५२०० डॉलर मागतोय. माझी सीआर-व्ही आहे, बायकोची हायलँडर व्ही सिक्स. एचओएवाले (म्हणजे सोसायटीवाले) ड्राइव्हवेत बोट दिसली की पत्र पाठवतात, शेजाऱ्याला आलंय. बायको म्हणते आधी गॅरेजमधली ट्रेडमिल वापर मग बोटीचं बघू.

तर विचारायचं असं की ही घ्यावी का, बघायला गेलो तर काय काय बघू (इंजिनातलं मला शून्य कळतं), कुठल्या गाडीने ओढू, आणि ९ वर्षांच्या मुलाला घेऊन जायचं तर कायद्याने काय काय लागतं. आणि खर्च खरा सांगा, बायकोला दाखवायचाय. म्हणजे थोडा कमीच सांगा 😀

लेकफोर्क_काका

अरे वा, आपल्यातलं कोणीतरी बासवर बोलतंय, नाहीतर इथे सगळे ग्रीन कार्ड आणि सोलर पॅनलवर. मी सतरा वर्षं करतोय, तीन बोटी झाल्या, दोन चुकीच्या घेतल्या, त्यामुळे सल्ला द्यायला पात्र आहे.

पहिलं, सीआर-व्हीचा विषय सोड, तिची ओढायची क्षमता १५०० पाउंड आणि तुझी बोट, इंजिन, पेट्रोल, बॅटऱ्या आणि ट्रेलर मिळून त्याच्या आसपास किंवा वरच जाईल. हायलँडरला टो पॅकेज (ट्रेलर ओढायची सोय) आहे का बघ, असेल तर ५००० पर्यंत ओढते, चिंता नाही. म्हणजे बायकोची गाडी लागणार, म्हणजे ट्रेडमिल वापरावी लागणार.

आता बघायला जाशील तेव्हा. सगळे आधी इंजिन बघतात, तू आधी मागची फळी बघ, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं ती, ट्रान्सम म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीतसुद्धा आत लाकूड असतं आणि ते कुजतं. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरून जोर लावून वरखाली कर, फळी जागची हलली, स्क्रूभोवती भेगा दिसल्या, ओल आली की सरळ घरी ये. मग इंजिन. त्याला आधीच सांगून ठेव की मी येईपर्यंत चालू करू नकोस, थंडच पाहिजे. गरम करून ठेवलेलं इंजिन कुठलंही सुरू होतं. कॉम्प्रेशन गेज भाड्याने मिळतो ऑटो पार्ट्सच्या दुकानात, डिपॉझिट परत देतात, तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत पाहिजेत. आकडा किती यापेक्षा सारखे आहेत का ते महत्त्वाचं. मग पाण्याचा पाइप लावून चालू करायला सांग, मागून पाण्याची बारीक धार यायला हवी, पोरगं मुतल्यासारखी. नाही आली तर थंड पाणी फिरत नाही म्हणजे बहुधा आतला रबरी इंपेलर (पाणी फिरवणारा पंखा) गेला. तो स्वस्तात बदलता येतो पण तो गेलेला असताना मालकाने किती वेळ चालवलंय ते देव जाणे. आणि खाली लोअर युनिटचा (इंजिनाच्या खालचा गिअरचा डबा) तळाचा स्क्रू थोडा ढिला कर, जे तेल येईल ते स्वच्छ किंवा काळपट चालेल, दुधाळ आलं तर आत पाणी शिरलंय.

तिसरं ट्रेलर, आणि हे कोणीच बघत नाही. २०१३ मध्ये मी लेक फोर्क या तळ्यावर निघालो होतो, पहाटे साडेचार, आय-२० वर मागचा माणूस लाइट मारतोय मारतोय, मला वाटलं साला घाईत आहे. थांबलो तर उजव्या चाकातून धूर. बेअरिंगमधलं ग्रीस कधी भरलंच नव्हतं आधीच्या मालकाने आणि मीही बघितलं नव्हतं. हब इतका तापलेला की त्यावर थुंकी चर्र झाली. टो ट्रकचे पैसे बोटीच्या इंजिनाच्या सर्व्हिसपेक्षा जास्त लागले आणि मासा एक नाही. तेव्हापासून दर अर्ध्या तासाने गाडी थांबवून हबला हाताची मागची बाजू लावतो. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर पुढे जायचं नाही. आणि ट्रेलरचं स्टेपनी टायर आहे का बघ, गाडीचं चालत नाही त्याला.

अजून एक, कपलरवर (ट्रेलरच्या दांड्याची वाटी, गाडीमागच्या लोखंडी बॉलवर बसते ती) आकडा लिहिलेला असतो, बॉल किती इंचाचा पाहिजे तो. १ ७/८ चा बॉल २ इंची कपलरमध्ये बसतो, कुलूप लागतं, सगळं बरोबर वाटतं आणि पहिल्या खड्ड्यात उडतो. साखळ्या खालून फुलीसारख्या लावायच्या म्हणजे सुटला तरी ट्रेलरचा दांडा साखळ्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यावर घासत नाही.

कागद: टेक्सासात बोटीचं टायटल (मालकीचा कागद) वेगळं आणि आउटबोर्ड मोटरचं टायटल वेगळं, दोन्ही पाहिजेत, दोन्हीवरचे नंबर स्वतः वाचून जुळवून बघ. "मोटरचं टायटल घरी सापडत नाही, नंतर पाठवतो" म्हणाला तर पैसेही नंतर पाठव.

५२०० जास्त नाहीत, पण सगळं नीट असेल तरच.

कयाकवाली_ताई

काकांशी आदरपूर्वक असहमत. अहो त्याला काठावरून तीस फूट आत जायचंय, त्यासाठी ४० एचपी कशाला? मी प्लेनोत असते, १२ फुटी सिट-ऑन-टॉप कयाक वापरलेली ६५० ला घेतली, सीआर-व्हीच्या टपावर बसते, गॅरेजच्या भिंतीला टांगते, एचओएला पत्ता नाही. पेट्रोल नाही, ट्रेलर नाही, बेअरिंग नाही. इंजिन नसलेल्या कयाकला इथे रजिस्ट्रेशनही लागत नाही (पण तिला छोटी ट्रोलिंग मोटर लावली की लागतं, हे लक्षात ठेवा, बरेच जण फसतात).

मासे तर मला बोटवाल्यांपेक्षा जास्त मिळतात कारण मी आवाज न करता पार गवतात घुसते. मागच्या एप्रिलमध्ये रे रॉबर्ट्सच्या एका कोपऱ्यात, पाणी साधारण ६५ डिग्री फॅरनहाइट, बास अंडी घालायला उथळात आले होते, गुडघाभर पाण्यात गोल स्वच्छ केलेल्या जागा दिसत होत्या, ताटाएवढ्या. तिथे मोठा आवाज करणारं काही टाकायचं नाही. पाच इंची मऊ रबरी अळी, मधोमध गरी टोचलेली (वॅकी रिग), वजन काहीच नाही, नुसती टाकायची आणि हात बांधून बसायचं. ती दोन्ही टोकं हलवत हलवत खाली जाते. दोरी आपोआप बाजूला सरकायला लागली की समजायचं. झटका जाणवतच नाही, दोरी बघावी लागते, त्यामुळे पोलराइज्ड गॉगल आणि दिसेल अशी दोरी. मी पिवळी ब्रेड (विणलेली दोरी) वापरते, पुढे आठ पाउंड ताकदीची फ्लोरोकार्बन दोरी चार हात.

जून ते सप्टेंबर मात्र खरं सांगते, सकाळी सहा ते नऊ, बास (म्हणजे पुरे या अर्थाने). दहानंतर पाणी ८५ च्या वर आणि डोकं १०० च्या वर. उन्हाळ्यात मोठे मासे खोल पाण्यातल्या उंचवट्यांवर जातात आणि तिथे कयाकने जाणं मला जमत नाही, तिथे काकांची बोट पाहिजे हे मान्य.

मुलाला आधी स्टेट पार्कमध्ये न्या. पार्काच्या आतून काठावरून मासे धरायला लायसन्सच लागत नाही, काही पार्कांत रॉडपण उसना मिळतो. त्याला तर तसंही नकोच, १७ वर्षांखालच्यांना माफ आहे. त्याला कंटाळा येतो का ते कळेल, मग हजारो घाला.

अलिबागकर

मी इथलाच, म्हणजे अमेरिकेतला नाही, अलिबागचा. वाचून मजा आली. पण एक समजलं नाही, एवढी गाडी बोट पेट्रोल करून मासा धरायचा आणि परत पाण्यात सोडायचा?? आमच्याकडं जिताडा लागला तर गल्लीत बातमी होते आणि संध्याकाळपर्यंत कोणाकोणाकडं वाटे जायचे ते ठरलेलं असतं. त्यालाही इंग्रजीत सी बास म्हणतात ना? मग तुमचा तो बास आणि आमचा जिताडा भाऊ भाऊ का?

गरवणारा_रत्नांग्रीचा

@अलिबागकर हाहा, मामाला पहिल्यांदा व्हिडिओ पाठवला तेव्हा त्याचा फोनच आला, "अरे सोडलास? बरा आहेस ना?" पण दादा नावापुरतेच भाऊ. इथला लार्जमाउथ बास हा खरं तर सनफिश कुळातला, गोड्या पाण्यातला. जिताड्याचं घराणं पूर्ण वेगळं. आणि एक मोठा फरक, बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलता येतं, दात सँडपेपरसारखे, दिवसभर मासे मिळाले की अंगठ्याची सालं निघतात आणि ती सगळ्यांना दाखवत फिरायचं. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार तुम्हाला माहीतच आहे.

@काका @ताई दोघांचे आभार. ताई कयाकचा विचार केला होता पण मुलगा बरोबर पाहिजे आणि त्याला दर वीस मिनिटांनी खायला लागतं. काका, खाण्यावरून आठवलं, फोर्कला मासे घरी नेता येतात का? काही म्हणतात अजिबात नाही.

लेकफोर्क_काका

नेता येतात पण नियम नीट वाच. राज्यभर साधारण नियम असा की लार्जमाउथ १४ इंचांपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि दिवसाला पाच. लेक फोर्कला मात्र उलटा प्रकार, १६ ते २४ इंचांच्या मधला ठेवायचाच नाही. १६ किंवा त्याखालचे ठेव, २४ च्या वरचा दिवसात फक्त एक. म्हणजे खायला लहान न्या, मोठे वाढू द्या. याचा परिणाम आहे म्हणून तर ते तळं नावाजलेलं. टेक्सासचा रेकॉर्ड बास तिथलाच, १८.१८ पाउंड, जानेवारी १९९२, तो अजून कोणी मोडलेला नाही. मोजपट्टी बोटीतच चिकटव, गेम वॉर्डन (मासेमारीचे नियम तपासणारा अधिकारी) येऊन विचारतो तेव्हा "अंदाजे" चालत नाही.

चवीचं म्हणशील तर, मोठा बास खाऊच नये, उन्हाळ्यात तर चिखलाचा वास मारतो. चौदा पंधरा इंची थंडीतला घे, कातडी काढून टाक, कुशीवरचा मधला लाल पट्टा काढ, आगळ मीठ हळद लावून अर्धा तास, मग तिखट आणि रवा. आमच्या हिला सुरमईची सवय, तीसुद्धा "ठीक आहे" म्हणाली, म्हणजे समजून जा. पण खरं खायचं असेल तर क्रॅपी हा दुसरा मासा धर, बासच्या नादी लागू नको.

प्लग_विसरलेला

नाव वाचून कळलंच असेल. बोटीच्या मागे खाली एक भोक असतं, पाणी काढायला, त्याला बूच असतं. इथे कायदाच आहे की तळ्यातून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढायचं, कारण झेब्रा मसल्स (छोटे शिंपले), २००९ ला लेक टेक्सोमात सापडले आणि मग लुइसविल, रे रॉबर्ट्स सगळीकडे पसरले. म्हणजे प्रत्येक वेळी बूच काढायचं, म्हणजे प्रत्येक वेळी परत लावायचं, आणि ते एकदा तरी विसरतंच.

माझं असं झालं, शनिवार सकाळ, बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर मागे दहा गाड्या, मी घाईघाईत बोट पाण्यात सोडली, भावाला म्हटलं धरून उभा राहा मी गाडी लावून येतो. परत येईपर्यंत भाऊ घोट्याएवढ्या पाण्यात उभा, सँडविचचा डबा तरंगतोय आणि हा म्हणतोय, "दादा, बोटीत थोडं पाणी असतंच का?" बिल्ज पंप (बोटीतलं पाणी उपसणारा) चालू केला तर बॅटरीची वायर काढून ठेवलेली. मागच्या म्हाताऱ्याने आरडाओरडा करून ट्रेलर परत पाण्यात घालायला लावला म्हणून वाचलो. आता बूच गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात असतं. बूच लावल्याशिवाय किल्ली सुटत नाही आणि किल्लीशिवाय गाडी मागे येत नाही. दुसरं बूच डॅशबोर्डच्या खणात.

रॅम्पवर जायच्या आधीच, बाजूला पार्किंगमध्ये सगळं सामान बोटीत भर, पट्टे काढ (पुढचा विंचचा पट्टा सोडून, तो शेवटी), मग रांगेत लाग. रॅम्पवर उभं राहून रॉड जुळवत बसणाऱ्याला लोक मनातल्या मनात काय काय म्हणतात ते मी म्हणालेलो आहे. ट्रेलर मागे घ्यायची प्रॅक्टिस आम्ही देवळाच्या पार्किंगमध्ये केली, मंगळवारी दुपारी, कोणी नसतं. स्टिअरिंगच्या तळाला हात ठेव, ज्या बाजूला हात नेशील त्या बाजूला ट्रेलर जातो. लहान ट्रेलर जास्त पटकन वळतो म्हणून थोडं थोडं.

मुलाचं: १३ वर्षांखालच्यांना बोट चालू असताना लाइफ जॅकेट अंगातच पाहिजे, सीटखाली ठेवलेलं चालत नाही, आणि त्याच्या वजनाचंच घे. बाकी प्रत्येकासाठी एक एक, शिवाय १६ फूट आणि वर असेल तर फेकायची उशी किंवा रिंग, अग्निशामक, शिट्टी, दिवे. किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी स्वतःला अडकव, २०२१ पासून फेडरल नियमच आहे, आणि नियम नसता तरी अडकवलीच असती, चालवणारा पाण्यात पडला आणि बोट गोल फिरत परत त्याच्याच अंगावर आली असे प्रकार होतात. १ सप्टेंबर १९९३ किंवा नंतर जन्मलेल्यांना १५ एचपीच्या वरची बोट चालवायला बोटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा. तू त्याआधीचा असशील तरी कर, ऑनलाइन आहे.

आणि वारा. इथे वसंतात दक्षिणेचा वारा सुटतो तो दिवसभर थांबत नाही. सकाळी सातला तळं आरशासारखं आणि अकराला पांढऱ्या लाटा. ताशी १५ मैलांच्या वर वारा सांगितला असेल तर १६ फुटीत मोठ्या तळ्यावर मुलाला घेऊन जाऊ नको. आणि निघताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर, बॅटरी उतरल्यावर वाराच घरी आणतो.

लेकफोर्क_काका

वाऱ्याचं लाखमोलाचं बोलला. बॅटरीवरून एक, ट्रोलिंग मोटर ५५ पाउंड थ्रस्टची असेल तर फुल स्पीडला जवळजवळ ५० अँपिअर खाते. जुनी शिशाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापेक्षा खाली न्यायची नाही म्हणजे वाऱ्यात तासाभरात खेळ खल्लास. लिथियम घेतलीस तर जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि वजन शिशाच्या निम्म्याहूनही कमी. महाग आहे. बायकोला दाखवायच्या यादीत घालू नको.

गॅरेज मोजलंस का? १६ फुटी बोट ट्रेलरवर चढली की इंजिन आणि दांडा धरून वीस फुटांच्या पुढे जाते. दांडा दुमडणारा ट्रेलर असतो, तो आहे का विचार. नाहीतर स्टोरेजचं भाडं महिन्याला आलंच.

गरवणारा_रत्नांग्रीचा

अपडेट. आज बघून आलो. मालक साठीचा, गोड माणूस, कॉफी दिली. ट्रान्सम दगडासारखा घट्ट, मी लोंबकळलो तरी हलला नाही. कॉम्प्रेशन ११५, ११८, ११५. पाण्याची धार जोरात. दोन्ही टायटलं फाइलमध्ये, नंबर जुळले. ट्रेलरचा दांडा दुमडणारा! मनातल्या मनात मी फोर्कला पोचलोच होतो.

मग काकांचं ऐकून खालचा स्क्रू ढिला करायला सांगितला. तो म्हणाला त्याची काही गरज नाही, मी म्हटलं तरीपण. जे तेल आलं ना, आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यच्या चहासारखं, तसाच रंग, वर सायसुद्धा. मुलगा शेजारी उभा होता, तो म्हणाला, "बाबा चाय!" मालक म्हणतो सगळ्यांचं असंच असतं. मी म्हटलं विचार करून सांगतो आणि निघालो.

आता काका, संपलं का हे प्रकरण?

लेकफोर्क_काका

अजिबात नाही, बाकी सगळं एवढं नीट असेल तर. बहुतेक वेळा सील गेलेलं असतं, प्रॉपच्या (पाण्यातल्या पंख्याच्या) शाफ्टला मासे धरायची दोरी गुंडाळली जाते आणि ती सील कापते. नुसती सीलं असतील तर काम छोटं. पण पाणी आत राहून गिअर गंजले असतील तर अख्खा लोअर युनिट, आणि तो महाग. त्याला म्हण, मी मेकॅनिकला घेऊन येतो, प्रेशर टेस्ट करतो, टेस्टचे पैसे माझे, आणि तळाच्या स्क्रूच्या चुंबकावर लोखंडाचा चुरा आहे का तेही बघतो. बारीक पीठ असेल तर ठीक, तुकडे असतील तर नमस्कार कर. पीठ निघालं तर ४२०० सांग आणि गप्प बस. पहिला जो बोलतो तो हरतो.

गरवणारा_रत्नांग्रीचा

गुरुवारी मेकॅनिक येतोय. बायकोनेच वेळ ठरवली, तिला मुलाने चहाचं सांगितलं तर म्हणाली एवढ्या कमी दुधात एवढा चांगला रंग आला असेल तर घेऊन टाक.

कयाकवाली_ताई

घेतली की सांगा, उन्हाळ्यात त्या खोल उंचवट्यांवर मला यायचंय. खायला मी आणते, कांदाभजी चालतील ना बोटीत?

प्लग_विसरलेला

चालतील. बूच आणा.